अंगण खरंच वाकडं असलं तर?

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांची आहे, नोकरी करते. गेलं दीड वर्ष डेटा ॲनालिसिसचा एक ऑनलाइन कोर्स पूर्ण करायचा प्रयत्न चाललाय. मध्ये कुठेतरी वाचलं की आधी आजूबाजूचं वातावरण बदला, मग तुम्ही आपोआप बदलाल. म्हणून खोलीच्या कोपऱ्यात नवीन टेबल घेतलं, छान दिवा घेतला, भिंतीवर प्रेरणादायी वाक्यं चिकटवली, व्हिजन बोर्ड केला, प्लॅनर, रंगीत पेनं, सवयी मोजायची ३ ॲप्स, सगळं केलं. आठ-नऊ दिवस मस्त गेले. आता टेबलावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो आणि मी रात्री कॉटवर पडून फोन बघत असते, १२ कधी वाजतात कळत नाही. कोर्स ६व्या धड्यावर अडकलाय. खोली मी आणि धाकटी बहीण मिळून वापरतो, ती रात्री स्पीकरवर सिरीज बघते आणि वर मलाच म्हणते, "नाचता येईना अंगण वाकडं." मैत्रिणींच्या ग्रुपवर रोज फक्त ऑफिसच्या नावाने रडगाणं. वेगळी खोली भाड्याने घेऊ का? की वातावरण हे नुसतं निमित्त आहे आणि प्रॉब्लेम माझ्यातच आहे?
– आरंभशूर

उत्तर : अगं, आधी ते टोपणनाव बदल. स्वतःला रोज आरंभशूर म्हणवून घेणं हेही एक वातावरणच झालं की.

आता तुझ्या बहिणीची म्हण. म्हण चांगलीच आहे, मीही लोकांना ऐकवते, पण मला कायम वाटतं की त्या गोष्टीत एवढी माणसं जमली, नाचणारीला हसली, तर एकानेही खाली वाकून बघितलं नाही का की अंगण खरंच वाकडं आहे का? कारण एखाद वेळी असतं ना! तुझं अंगण मला तरी पत्रावरून वाकडं दिसतंय. आणि तू काय केलंस, तर त्या वाकड्या अंगणात सुंदर रांगोळी काढलीस. दिवा, पेनं, वाक्यं ही सगळी सजावट झाली गं. मांडणी तशीच राहिली. वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतं, पण सजावट बघून आपल्याला छान वाटतं, आणि मांडणी म्हणजे रात्री ९ वाजता दमून आल्यावर हात आपोआप कुठे जातो ते. तुझं टेबल बघायला छान होतं. दमलेल्या तुझ्यासाठी ते मांडलेलं नव्हतं, ते मांडलं होतंस रविवारी सकाळच्या उत्साही तुझ्यासाठी, आणि ती बाई आठवड्यातून एकदाच येते.

"प्रॉब्लेम माझ्यात की वातावरणात" हा प्रश्नच मला पटत नाही. कुर्ट लेविन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, जर्मनी सोडून अमेरिकेत गेलेले, त्यांनी १९३६ साली मांडलं की माणसाचं वागणं हे माणूस आणि त्याची परिस्थिती या दोन्ही मिळून ठरतं. आज ऐकताना वाटतं यात काय मोठंसं, पण त्यांचं पुढचं म्हणणं मला जास्त कामाचं वाटतं. ते म्हणायचे की प्रत्येक वागण्यामागे काही जोर पुढे ढकलणारे असतात आणि काही मागे ओढणारे, आणि आपण काय करतो तर ढकलणारे वाढवत बसतो. अजून निश्चय, अजून वाक्यं, अजून एक ॲप. त्याने होतं काय तर ताण वाढतो, कारण मागे ओढणारं सगळं जागच्या जागी असतं. हँडब्रेक ओढलेल्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबत राहिल्यासारखं. आधी ब्रेक सोड की! तुझ्या पूर्ण यादीत "हे काढून टाकलं" असं एकही वाक्य नाहीये बघ, सगळं "घेतलं, लावलं, केलं."

मग तुझे ब्रेक कुठले? चल, तुझी संध्याकाळ बघू. तू लिहिलेलं नाहीस पण मी पैज लावते की लॅपटॉप बॅगेत असतो. म्हणजे ६वा धडा बघायचा तर पहिल्यांदा कपड्यांचा ढीग उचलायचा, तो ठेवायचा कॉटवर, म्हणजे आता नंतर झोपायच्या आधी तो परत हलवायचाय हे मनात आलंच. मग बॅगेतून लॅपटॉप, मग त्याचा चार्जर, प्लग पॉइंट एकच आणि त्यात फोनचा चार्जर, तो काढायचा. लॅपटॉप सुरू, त्याला नेमकं तेव्हाच अपडेट करायचंय. मग कोर्सचं लॉगिन, पासवर्ड आठवत नाही, ओटीपी येणार फोनवर, म्हणून फोन हातात, फोन हातात आला की ओटीपीच्या वर तीन नोटिफिकेशन. संपलं! इतकं करून धडा उघडलाच तर "मागे कुठपर्यंत आलो होतो?" हे शोधायचं. एका बाजूला एवढ्या आठ-नऊ पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूला फक्त अंगठा हलवायचा. या शर्यतीत तू हरलीस यात आळस कुठे आला, कुणीही हरेल.

हे मी शहाणपणाने बोलत नाहीये, माझीच गंमत सांगते. माझ्या लिहायच्या टेबलाचा ड्रॉवर अडकायचा. लाकूड फुगलं होतं, उघडायचा तर खालून गुडघ्याने वर दाबायचं, मग डाव्या कोपऱ्याला धरून एक हिसका, तेव्हा तो अर्धा यायचा आणि आत माझी वही. किती वर्षं मी स्वतःला सांगत होते की माझ्यात शिस्त नाही, सकाळी उठून लिहिणं आपल्याला जमत नाही, आपला तो पिंडच नाही वगैरे. एकदा तो ड्रॉवर कायमचाच अडकला, म्हणजे उघडाच अडकला, बंदच होईना. वही समोर उघडी पडलेली दिसायची. त्या महिन्यात मी जितकं लिहिलं तितकं आधीच्या अख्ख्या वर्षात नव्हतं लिहिलं. पिंडबिंड काही नाही, ड्रॉवर होता तो! नंतर सुतार येऊन तो नीट करून गेला तरी वही मी परत आत ठेवली नाही.

तेव्हा पहिलं काम, लॅपटॉप टेबलावरच राहू दे, उघडा, चार्जर लावलेला, कोर्सचं पान समोर, लॉगिन सेव्ह केलेलं. ऑफिसचाच लॅपटॉप असेल आणि रोज न्यावा लागत असेल तर घरी पाय टाकल्यावर बॅग खाली ठेवायच्या आधी तो टेबलावर काढायचा, तेव्हा धडा बघायचा नाही, फक्त काढून ठेवायचा. अपडेटं सकाळी ऑफिसला जाताना लावून जा. एक्स्टेंशन बोर्ड घे, जमलं तर आजच. आणि फोनचा चार्जर खोलीच्या बाहेर. कॉटच्या उशाशी असलेला तो चार्जर हा तुझ्या घरातला सगळ्यात ताकदवान माणूस आहे, त्याची बदली कर. आता अलार्म फोनवर लागतो म्हणून फोन उशाशी लागतो, हे कारण सगळेच देतात, मीही दिलंय, साधं गजराचं घड्याळ घेतलं की ते कारण संपतं. दृष्टीआड सृष्टी, हे फोनच्या बाबतीत जेवढं खरं आहे तेवढं कशाच्याच बाबतीत नाही.

कपड्यांचं काय? त्यांच्यावर चिडू नकोस, त्यांना तुझ्या करिअरशी काही वैर नाही. वाळलेले कपडे आत आणल्यावर हाताला जी पहिली सपाट जागा मिळेल तिथे पडतात, एवढाच त्यांचा नियम, आणि तू जानेवारीत की कधी घरात एक नवीन सपाट जागा आणून ठेवलीस. घड्या रोजच्या रोज घालायचा निश्चय करू नकोस, टिकणार नाही. टेबलाच्या अलीकडे, म्हणजे कपडे घेऊन येताना आधी लागेल अशा ठिकाणी, एक मोठी टोपली ठेव. ढीग तिथे होऊ दे. ढीग राहणारच आहे, फक्त त्याचा पत्ता बदलायचा.

कॉटबद्दल जरा थांबून बोलायला हवं. २०११ मध्ये छापून आलेला एक प्रयोग आहे, त्यात थिएटरमध्ये लोकांना पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे आणि काहींना चक्क सात दिवसांचे शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती त्यांनी शिळेही ताज्यांइतकेच खाल्ले. आवडले का विचारलं तर नाही म्हणाले, पण खाल्ले! त्याच सवयीच्या लोकांना एका मीटिंगच्या खोलीत बसवून गाण्यांचे व्हिडिओ दाखवले तर तिथे त्यांनी शिळ्यांना फारसा हात लावला नाही. म्हणजे भूक नव्हती, चव नव्हती, ती जागाच त्यांच्याकडून खाऊन घेत होती. तुझी कॉट तुझ्याकडून तसंच स्क्रोल करून घेते, आणि रात्री ११ वाजताचं ते स्क्रोलिंग शिळ्या पॉपकॉर्नपेक्षा काही फार वेगळं नसतं, खरं सांग, त्यातलं सकाळी काही आठवतं का? म्हणून कॉटवर लॅपटॉप घेऊन अभ्यास करायचा विचारही नको, ती लढाई तिच्या मैदानावर आहे. आणि टेबलावर बसून फोन बघायचा नाही, बघायचाच असेल तर उठून दुसरीकडे जायचं. हवा तितका बघ, फक्त तिथे नाही. टेबलाला एकच गोष्ट माहीत असू दे.

भिंतीवरची वाक्यं काढून टाक. मला माहितीये तू छान अक्षरात लिहिली असशील, पण आठवड्यात ती भिंतीचा रंग होऊन जातात, डोळ्याला दिसतच नाहीत, आणि दिसतात तेव्हा टोचतात. त्याऐवजी काय लाव ते सांगते. १९६५ साली येल विद्यापीठात विद्यार्थ्यांना धनुर्वाताबद्दल माहितीपत्रकं दिली, काही तर चांगली घाबरवणारी होती, आणि सांगितलं की विद्यापीठाच्या दवाखान्यात जाऊन लस घ्या. घाबरवल्याने पोरांचं मत बदललं, लस महत्त्वाची आहे असं म्हणायला लागली, पण नुसतं पत्रक वाचून प्रत्यक्षात गेली जेमतेम ३ टक्के. ज्यांना पत्रकासोबत नकाशा दिला, दवाखान्यावर गोल केलेला, आणि म्हटलं की तुझ्या आठवड्यात कधी जाशील, कुठल्या वाटेने जाशील ते ठरव, त्यांच्यातली साधारण २८ टक्के गेली. आता यातली मजा अशी की ही शेवटच्या वर्षाची पोरं, दवाखाना कुठे आहे हे त्यांना आधीच माहीत असणार! कळत होतं, वळत नव्हतं, आणि वळवायला पुरला एक नकाशा.

तुझा नकाशा म्हणजे एक चिठ्ठी. रोज टेबलावरून उठताना लॅपटॉपवर चिकटवायची आणि त्यावर उद्याची पहिली कृती लिहायची, तीही अगदी बावळट वाटेल इतकी बारीक. "अभ्यास करणे" असलं लिहायचं नाही. "धडा ६, १४व्या मिनिटापासून, तक्ता वहीत उतरवायचा" असं. मग उद्या दमलेली तू आलीस की तिला विचार करावा लागणार नाही, कालच्या तुझ्याकडून तिला निरोप मिळेल. सवयी मोजायची ॲप्सही काढ, ३ काय एकही नको, ती फोनमध्ये आहेत म्हणजे सवय मोजायला फोन उघडायचा आणि मग आपलं येरे माझ्या मागल्या.

आता वेगळी खोली. इथे मी तुला उलटसुलट दोन्ही सांगणार आहे, कारण जागा बदलल्याने माणूस किती बदलतो याचं एक उदाहरण फारच मोठं आहे. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांपैकी पुष्कळ जण तिथे हेरॉइन घेत होते, ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी १९७१ मध्ये परत आलेल्यांचा माग काढला तेव्हा साधारण २० टक्क्यांनी सांगितलं की तिथे आम्ही व्यसनी झालो होतो. सगळ्यांना वाटलं आता घरी येऊन हाहाकार. पण तिथे व्यसनी झालेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षाच्या आत पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले साधारण ५ टक्के. याला कारणं अनेक असणार, अमेरिकेत तो माल तितका स्वस्त आणि हाताशी नव्हता, युद्ध नव्हतं, घरची माणसं होती, पण तेच तर मी म्हणतेय, या सगळ्याला मिळूनच वातावरण म्हणतात.

मग घे खोली, असं म्हणशील. थांब. त्या सैनिकांचं सगळंच मागे राहिलं होतं. तू नव्या खोलीत काय काय घेऊन जाणार? फोन, कॉट, उशाशी चार्जर. तिथे आठव्या दिवशी कपडे टेबलावर असतील, वर भाड्याची काळजी, आणि समोर बहीणही नसेल जिच्यावर खापर फोडता येईल! आधी या कोपऱ्यात जमव. खोली पुढेमागे इतर कारणांसाठी घ्यायची असेल तर जरूर घे, आणि तेव्हा मात्र पहिल्या दिवसापासून मांडणी नीट कर, कारण नव्या जागेत जुने धागे तुटलेले असतात आणि नवे बांधायला तेव्हाच सोपं जातं. पण कोर्ससाठी म्हणून घर सोडू नकोस.

बहिणीशी भांडू नकोस, आणि तिला सुधारायला तर अजिबातच जाऊ नकोस. तिच्याकडे नेमकी एक गोष्ट माग. "तू नेहमी आवाज करतेस" याला ती काय उत्तर देणार, म्हणीच ऐकवणार. "सव्वानऊ ते दहा, फक्त ४५ मिनिटं, हेडफोन लावशील का, दहानंतर खोली तुझी" याला हो म्हणता येतं. हेडफोन नसतील तर तूच आणून दे, व्हिजन बोर्डपेक्षा कामी येतील. आणि तिला हवी असलेली एक गोष्ट तिला विचार, तिचंही अंगण वाकडं असेल, आपण कधी बघितलंय?

मैत्रिणींच्या ग्रुपबद्दल मला जरा भीती वाटते की तू कुठेतरी "निगेटिव्ह लोकांना आयुष्यातून काढा" छाप काहीतरी वाचशील आणि लगेच ग्रुप सोडशील. नको गं. ऑफिसच्या नावाने रडणं ही पण एक गरज असते आणि ती ऐकून घेणारी माणसं सहज मिळत नाहीत. ग्रुप म्यूट कर, दिवसातून एकदा, जाताना किंवा येताना बघ, मनसोक्त तूही रड. पण ढवळ्याशेजारी पवळ्या बांधला की गुण लागतोच हे खरं आहे, त्यामुळे शेजारी अजून कुणालातरी बांध. दुसऱ्या महायुद्धानंतर एमआयटीने विवाहित विद्यार्थ्यांसाठी घरं बांधली होती, तिथे कोण कुणाचा मित्र झाला याचा अभ्यास १९५० मध्ये छापून आला, आणि निघालं काय तर आवडीनिवडी राहिल्या बाजूला, दारं किती जवळ आहेत, जिन्यापाशी कोण राहतं, यावर मैत्र्या ठरल्या होत्या. आपल्याला वाटतं आपण माणसं निवडतो, पण बऱ्याचदा जिना निवडतो. तर तुझा जिना थोडा हलव. त्याच कोर्समधलं कुणी एक जण शोध, नाहीतर ऑफिसात ते काम करणारं कुणी असेल तर जेवणाच्या सुट्टीत आठवड्यातून एकदा त्यांच्या शेजारी बस. बस एवढंच, "मला मेंटर करा" वगैरे म्हणू नकोस, लोक घाबरतात. त्यांच्या बोलण्यात ते शब्द रोज येतात आणि शेजारी बसणाऱ्याच्या कानावर पडतात.

हे सगळं केल्यावर किती दिवसांत जमेल? नव्याचे नऊ दिवस तुझे संपले होते म्हणून तू स्वतःला नापास केलंस, पण लंडनमध्ये ९६ जणांवर १२ आठवडे झालेल्या एका अभ्यासात (२०१० मध्ये तो छापून आला) एखादी साधी सवय अंगवळणी पडायला मधला आकडा आला ६६ दिवस, आणि लोकालोकांत फरक केवढा, कुणाला १८ तर कुणाचा हिशोब २५४ पर्यंत गेला. तुझे ९ कुठल्याच यादीत बसत नाहीत. आणि त्यातच दिसलं होतं की मध्ये एखादा दिवस बुडाला तर फारसं काही बिघडत नाही. तेव्हा एक संध्याकाळ फुकट गेली म्हणून नवीन प्लॅनर आणायला पळू नकोस, प्लीज.

एक गोष्ट मात्र मांडणीने होणार नाही आणि ती तुला आधीच सांगून ठेवते. खोली नीट झाली, फोन बाहेर गेला, बहिणीने हेडफोन लावले, तू खुर्चीत बसलीस, तर तिथपर्यंतच वातावरणाची हद्द. तिथून पुढे तू आणि ६वा धडा. असं सलग दोन आठवडे रोज बसूनही जर तो धडा हलला नाही, तर मला शंका येईल की तुझं अडलंय ते अंगणात नाही आणि नाचण्यातही नाही, मधलंच काहीतरी राहून गेलंय, ४था किंवा ५वा धडा तू त्या पहिल्या उत्साहात न समजताच पुढे ढकलला असशील. तसं असेल तर लाज न बाळगता मागे जा, ४थ्यापासून परत बघ. आणि तोही समजून उमजून झाला आणि तरी खुर्चीत बसल्यावर पोटात खड्डा पडत असेल, तर हा कोर्स तुला हवाय की ऑफिसातल्या कुणाला तरी, हे मला परत लिहून विचार. तेव्हा टेबलाबद्दल एक शब्दही बोलणार नाही.

सध्या टोपली कुठे ठेवलीस ते कळव.